आधी कळमना, मग मॉडेल : डेटा टीममध्ये नव्याने आलेल्यांसाठी

नागपुरात दरवर्षी बरीच मुलं-मुली शिक्षण संपवून डेटाच्या कामाला लागतात. कोणी मिहानमधल्या मोठ्या कंपनीत जातं, कोणी परसोडीच्या आयटी पार्कमधल्या आठ-दहा जणांच्या टीममध्ये. मॉडेल ट्रेन करायला त्यांना येत असतं. अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी. पाच वेगवेगळी कामं करणाऱ्या माणसांनी मिळून अशी गोष्ट कशी उभी करायची, जी सहा महिन्यांनीही चालू असेल आणि कोणाच्या तरी खरोखर उपयोगी पडेल? कॉलेजात हे शिकवत नाहीत, आणि नोकरीत शिकवायला कोणाला सवड नसते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सोयीसाठी उदाहरण एकच धरू : नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या संत्र्याच्या भावाचा चार दिवस पुढचा अंदाज. तुमचं काम कर्जाच्या अर्जांचं असेल किंवा दवाखान्यातल्या नोंदींचं, पायऱ्या याच लागतील.

पायरी १ : कोण, केव्हा, काय ठरवणार?

"संत्र्याचा भाव सांगणारं अ‍ॅप" एवढ्यावर काम सुरू करू नका. त्याऐवजी हे लिहा : "काटोलकडचा शेतकरी संध्याकाळी ठरवतो, की उद्या तोड करायची की चार दिवस थांबायचं. आमचा अंदाज त्याच्या हातात संध्याकाळी सहापर्यंत पडला पाहिजे."

या दोन ओळींतून निम्मं डिझाइन बाहेर येतं. अंदाज किती दिवस पुढचा हवा, ते कळतं. सहाच्या आत जी माहिती हाताशी असेल तेवढीच वापरता येईल, हेही कळतं. आणि कोणती चूक महाग पडते तेही दिसतं. भाव वाढेल असं आपण सांगितलं, शेतकरी थांबला, फळगळ झाली आणि भावही पडला, तर त्याचं दुहेरी नुकसान. उलट आपण भाव कमी सांगितला आणि त्याने आधीच माल काढला, तर थोडा नफा गेला, पण माल तर विकला गेला. म्हणून सरासरी चूक किती रुपये, हे मोजाच. पण "भाव जास्त सांगितला" अशा चुका वेगळ्या मोजा आणि त्यांची मर्यादा आधी ठरवा.

त्याच कागदावर आणखी एक ओळ हवी : काय झालं तर हे काम आपण थांबवू. काम सुरू व्हायच्या आधी ही ओळ सहज लिहिता येते. चार महिने खपल्यावर लिहायला कोणाचा हात धजत नाही.

पायरी २ : अख्खी टीम घेऊन जागेवर जा

हा माझा हट्ट आहे. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी एक सकाळ कळमन्याला काढायची. डेटा इंजिनिअर, मॉडेल करणारी, अ‍ॅपचा डेव्हलपर, डिझायनर, प्रॉडक्ट सांभाळणारा, कोणालाही सूट नाही. आयटी पार्क शहराच्या पश्चिमेला आणि कळमना पूर्वेला, त्यामुळे लवकर निघावं लागतं. आंबिया बहाराचा माल साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर येतो; त्या दिवसांत गेलात तर पाहायला सगळ्यात जास्त मिळेल.

तिथे काय पाहायचं? भाव कसा ठरतो ते पाहा. ढिगाभोवती अडत्या आणि खरेदीदार उभे असतात, बोली लागते, पुढच्या ढिगाकडे सगळे सरकतात. तोंडी भाव टनावर बोलला जातो. नोंदीत तोच क्विंटलवर जातो. नोंद कोण करतं, किती वाजता करतं, हे विचारा. "आवक" हा आकडा कधी पक्का होतो, तेही विचारा. पंधरा मिनिटांच्या त्या बोलण्याने पुढचे दोन महिने वाचू शकतात.

आमच्या टीममधल्या एका मुलीने तिथे एका काकांना मोबाइलवर आदल्या दिवशीचा दर दाखवला होता. काकांनी शांतपणे विचारलं, "हा भाव कोनत्या मालाचा हाय जी?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. नोंदीत किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर होते. मोठं फळ, बारीक फळ, डागी फळ असा काही भेद नव्हता. परत येताना गाडीत सगळी चर्चा त्या एका प्रश्नाची. एक नेमका आकडा दाखवायचा आमचा विचार त्याच दिवशी बदलला, आणि "इतक्यापासून इतक्यापर्यंत" असा पट्टा दाखवायचं ठरलं. डिझायनर गाडीत नसती तर हा निरोप तिच्यापर्यंत तीन मीटिंगांनी पोहोचला असता, आणि तोही अर्धवट.

पायरी ३ : कच्चा का होईना, पूर्ण रस्ता आधी

पहिल्या दोन आठवड्यांत हे झालं पाहिजे : भाव आपोआप येतो, साफ होतो, त्यावरून काहीतरी अंदाज निघतो आणि तो पाच खऱ्या शेतकऱ्यांच्या फोनवर संध्याकाळी सहाच्या आत जातो. "काहीतरी अंदाज" म्हणजे काय? कालचाच भाव, बस्स. मॉडेल नाही, काही नाही.

नव्या माणसाला यात कमीपणा वाटतो. मलाही वाटायचा. एका जुन्या कामात आम्ही चार महिने फक्त मॉडेल सुधारत बसलो होतो. चाचणीतली चूक इतकी कमी, की सगळे खूश. मग ते रोजच्या वापरात आणायला घेतलं तेव्हा कळलं, की मॉडेल ज्या दिवशीचा अंदाज देतं त्याच दिवशीची आवक वापरतंय. तो आकडा बाजार उठल्यावर मिळतो. अंदाज द्यायच्या वेळी तो अस्तित्वातच नसतो. आवक काढून टाकली आणि मॉडेल "कालचाच भाव"च्या बरोबरीला आलं. चार महिन्यांचं काम एका दुपारी गेलं. रस्ता आधी पूर्ण बांधला असता तर ही गोष्ट दुसऱ्याच आठवड्यात समोर आली असती, कारण सहा वाजता आवकेचा रकाना रिकामा दिसला असता.

"कालचाच भाव" हीच तुमची बेसलाइन. पुढचं प्रत्येक मॉडेल तिच्याशी ताडून पाहायचं. समजा बेसलाइनची सरासरी चूक क्विंटलमागे २२० रुपये आहे आणि तुमच्या भारी मॉडेलची २०५. मग टीमने बसून विचारायचं : या १५ रुपयांनी शेतकऱ्याचा निर्णय बदलतो का? नसेल बदलत, तर ते मॉडेल सांभाळायचा खर्च कशाला?

पायरी ४ : डेटाच्या खाचाखोचा कोडमध्ये उतरवा

डेटा साफ करणं हे ज्युनिअरकडे ढकलायचं काम आहे, असा समज अनेक टीममध्ये दिसतो. मला तो घातक वाटतो. टीममधल्या सगळ्यात अनुभवी माणसाने आणि सगळ्यात नव्या माणसाने शेजारी बसून हे करावं.

आपल्याच उदाहरणातल्या खाचा पाहा. कळमना आणि कळमेश्वर ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. अक्षरांच्या साम्यावरून नावं जुळवणारा कोड त्यांना एक करून टाकू शकतो. टन आणि क्विंटल यांत दहापटीचा फरक आहे, आणि एखाद-दुसरी ओळ चुकून टनाची आली तर सरासरीत ती लपून जाते. "सर्वसाधारण दर" म्हणजे किमान आणि कमाल यांची सरासरी नाही. ज्या दराने जास्त व्यवहार झाले तो दर. तो गाळून आपणच सरासरी काढणारे मी पाहिले आहेत. बाजार बंद होता त्या दिवशी शून्य लिहिलेलं असतं की ओळच नसते? दोन्हींचा अर्थ मॉडेलला वेगळा लागतो.

सणांचं तर वेगळंच. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ साली २१ ऑक्टोबरला. दोन्ही तारखा आंबियाच्या हंगामातल्या. मॉडेलला नुसता "वर्षातला कितवा दिवस" दिलात, तर दिवाळीच्या सुट्टीचा आणि मागणीचा परिणाम त्याला कधीच नीट सापडणार नाही. "दिवाळीला किती दिवस उरले" हा आकडा द्यावा लागतो. त्यासाठी अल्गोरिदम बदलायची गरज पडत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. आणि २०२० चा मार्च-एप्रिल? २५ मार्चला देशभर लॉकडाउन लागला तेव्हा मृग बहाराचा माल बाजारात यायचे दिवस होते. त्या ओळी ठेवायच्या की वगळायच्या, हे टीमने ठरवून कारणासकट लिहून ठेवायचं.

ही सगळी माहिती दोन ठिकाणी जाते. एक, डेटाची ओळख करून देणारं पान : प्रत्येक रकान्याचा अर्थ, एकक, तो कोण भरतं, कधी भरतं. हे पान कोडच्याच रिपॉझिटरीत ठेवा आणि मराठीत लिहा. मराठीत असलं तर बाजार समितीतल्या माणसालाही ते वाचून दाखवता येतं, आणि तो दोन चुका तिथेच काढून देतो. दुसरी जागा म्हणजे रोज चालणाऱ्या तपासण्या. किमान दर सर्वसाधारण दरापेक्षा जास्त नाही ना; एका तारखेला, एका बाजाराची, एका मालाची एकच ओळ आहे ना; दर एका दिवसात पाचपट झाला नाही ना. तपासणी फसली तर काम थांबलं पाहिजे आणि नाव घेऊन एका माणसाला निरोप गेला पाहिजे. "टीमला ईमेल जातो" याचा अर्थ कोणीच पाहत नाही.

पायरी ५ : प्रयोगाला प्रश्न हवा आणि मुदत हवी

"मॉडेल सुधारतेय" हे स्टँडअपमधलं, म्हणजे रोजच्या छोट्या बैठकीतलं, सगळ्यात पोकळ वाक्य. त्याऐवजी म्हणा, "हवामानाच्या अंदाजाने चूक कमी होते का, हे तीन दिवसांत पाहते." तीन दिवसांनी उत्तर "नाही" आलं तरी ते उत्तरच आहे. वहीत त्याची नोंद करा, नाहीतर सहा महिन्यांनी दुसरा कोणीतरी तोच प्रयोग पुन्हा करेल.

डेटाचे ट्रेनिंग आणि चाचणी असे भाग पाडताना ओळी पत्त्यांसारख्या पिसू नका. भाव काळाच्या ओघात बदलतो. पिसल्या तर मंगळवारचा भाव ओळखायला मॉडेलला सोमवार आणि बुधवार दोन्ही दिसतात, आणि आकडे खोटेच सुंदर येतात. मागच्या हंगामांवर शिकवा, पुढच्या हंगामावर तपासा. आंबिया आणि मृग यांचे निकाल वेगवेगळे पाहा. एकत्र सरासरीत एका बहारातलं अपयश बुडून जातं.

पायरी ६ : नोटबुकमधून बाहेर या

ज्युपिटर नोटबुक विचार करायला उत्तम, चालवायला वाईट. तिथले सेल, म्हणजे कोडचे तुकडे, कोणत्याही क्रमाने चालवता येतात, त्यामुळे "माझ्याकडे चालतं" हे तिथे फार लवकर खरं होतं आणि दुसऱ्याकडे तितक्याच लवकर खोटं. प्रयोग कामाचा ठरला की त्यातलं लॉजिक छोट्या फंक्शनमध्ये काढा, पायटेस्ट या साधनाने कोड तपासणाऱ्या दोन-चार टेस्ट लिहा, गिटवर (कोडच्या आवृत्त्या जपणारं साधन) टाका. टनाचं क्विंटल करणाऱ्या फंक्शनला टेस्ट हवीच. मॉडेलच्या आतल्या गणिताला नसली तरी चालेल.

हे काम जोडीने करा : मॉडेल करणारी आणि सॉफ्टवेअरवाला एका स्क्रीनपुढे, दोन तास. पहिल्या आठवड्यात वेग कमी झाल्यासारखा वाटतो. महिन्याभरात तिला टेस्ट लिहिता येतात, त्याला लीकेज (अंदाजाच्या वेळी हाती नसलेली माहिती मॉडेलमध्ये शिरणं) म्हणजे काय ते कळतं, आणि एक जण लग्नासाठी आठवडाभर अकोल्याला गेला तरी डेटापासून अंदाजापर्यंतची साखळी, म्हणजे पाइपलाइन, अडत नाही. कोड रिव्ह्यूला एका वेळी दीड-दोनशे ओळींपेक्षा जास्त पाठवू नका. त्यावर गेलं की समोरचा नुसता "ठीक आहे" लिहितो.

प्रत्येक ट्रेन केलेल्या मॉडेलसोबत चार गोष्टी नोंदवा : कोडची आवृत्ती, डेटाची आवृत्ती, सेटिंग, निकाल. एमएलफ्लो आणि डीव्हीसी ही मोफत साधनं यासाठीच आहेत. टीम तीन जणांची असेल तर तारीख घातलेलं फोल्डर आणि एक तक्ता यावरही भागतं.

पायरी ७ : लेबल माणसं लावत असतील तर

भावाच्या उदाहरणात लेबल, म्हणजे खरं उत्तर, आपोआप मिळतं, चार दिवसांनी खरा भाव कळतोच. पण समजा तुम्ही संत्र्याच्या पानांचे फोटो पाहून कोळशी (पानांवर काळा थर येणारा रोग) ओळखणारं काही करताय. तिथे कोणीतरी बसून फोटोंना नाव द्यावं लागतं, आणि इथे टीम हमखास फसते.

शंभर फोटो दोन जणांना वेगवेगळे द्या. समजा दोघांनीही प्रत्येकी १० फोटोंना "कोळशी" म्हटलं, पण त्यांतले फक्त ५ सामाईक निघाले. ८५ फोटो दोघांनीही "निरोगी" म्हटले. म्हणजे ९० फोटोंवर एकमत! ऐकायला छान. पण बहुतेक फोटो निरोगीच असल्यामुळे डोळे झाकून लेबल लावली असती तरी सुमारे ८२ फोटोंवर एकमत झालंच असतं. तो योगायोगाचा भाग वजा करून उरलेलं एकमत मोजायला कोहेनचा कॅपा (Cohen's kappa) हे माप वापरतात. इथे तो ०.९० वजा ०.८२, भागिले ०.१८, म्हणजे साधारण ०.४४ येतो. म्हणजे ज्या कोळशीसाठी सगळा खटाटोप, तिथेच दोघांचं जमत नाही.

अशा वेळी आणखी फोटो गोळा करू नका. दोघांना समोरासमोर बसवा आणि मतभेदाचे ते १० फोटो टेबलावर ठेवा. काळा थर किती असला की कोळशी म्हणायचं, नुसती धूळ बसलेल्या पानाचं काय करायचं, हे एका पानावर लिहा. अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. असा विषय हातात असेल तर त्यातल्या जाणकाराचं मत घ्यायला आपल्याला फार लांब जावं लागत नाही. नियमावली झाली की नवे शंभर फोटो घ्या आणि पुन्हा मोजा.

पायरी ८ : हळूहळू लोकांपुढे, आणि डोळा कायम

नवं मॉडेल दोन आठवडे सावलीत चालवा. रोज अंदाज काढा, जपून ठेवा, कोणालाही दाखवू नका. चार दिवसांनी खरा भाव आला की ताडून पाहा. मग वीस शेतकऱ्यांना, मग सगळ्यांना. "कालचाच भाव"कडे परत जायचं बटण कायम ठेवा, आणि ते कोण दाबू शकतं हे लिहून ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भात गारपीट झाली तर मॉडेलला त्याचा पत्ता नसतो. तेव्हा अंदाज झाकून "आज अंदाज उपलब्ध नाही" एवढं दाखवण्याचा अधिकार टीममधल्या माणसाकडे हवा.

रोजच्या देखरेखीत तीन प्रश्न पुरतात. डेटा आला का? आलेला डेटा नेहमीसारखा दिसतो का? मागचे अंदाज किती चुकले? सर्व्हर चालू आहे, सगळे दिवे हिरवे आहेत आणि अंदाज पंधरा दिवसांपासून चुकतोय, असं मशीन लर्निंगमध्ये सर्रास घडतं. तिसरा प्रश्न विसरला की तसं होतं.

पायरी ९ : चूक बोलून दाखवता येईल अशी टीम

ही खरं तर पहिली पायरी असायला हवी होती, पण बाकीचं वाचल्यावरच ती पटते.

आपल्याकडे नवा मुलगा सिनिअरला "सर" म्हणतो, आणि सरांचा आकडा चुकीचा वाटला तरी गप्प बसतो. आदराला माझी ना नाही. पण डेटाच्या कामात चूक सगळ्यात आधी दिसते ती ओळी उघडून पाहणाऱ्या नव्या माणसालाच. तो गप्प राहिला तर ती थेट शेतकऱ्याच्या फोनवर जाते. म्हणून सिनिअरने आधी स्वतःची चूक सगळ्यांपुढे सांगावी, तीही पहिल्याच महिन्यात. आमच्याकडे दर शुक्रवारी अर्धा तास असतो : या आठवड्यात माझं काय चुकलं आणि ते कोणत्या तपासणीने आधी पकडता आलं असतं. सुरुवात सगळ्यात अनुभवी माणसाने करायची. मोठी गडबड झाली तर एक पान लिहायचं : काय झालं, कधी लक्षात आलं, कोणाच्या लक्षात आलं, पुढे कोणती तपासणी घालणार. "कोणामुळे झालं" हा रकाना त्या पानावर नसतो.

तुम्ही नवे असाल तर तुमच्या बाजूने एक करा. "हे मला कळलं नाही" हे वाक्य पहिल्या दिवसापासून मोठ्याने म्हणा. "सर, ही आवक सहा वाजता मिळते का?" हा प्रश्न विचारायला अनुभव लागत नाही.

एक छोटी पण पक्की गोष्ट : शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर नोटबुकमध्ये, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर किंवा स्क्रीनशॉटमध्ये येऊ देऊ नका. नंबर वेगळ्या तक्त्यात, मोजक्या माणसांच्या हाती, आणि मॉडेलच्या डेटात फक्त एक क्रमांक. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ सालचा आहे, आणि टीम छोटी आहे म्हणून त्यातून आपोआप सुटका होत नाही.

पायरी १० : दुसऱ्याच्या हातात देऊन पाहा

आंबियाचा हंगाम संपला की टीमला थोडी उसंत मिळते. तेव्हा सगळ्यात नव्या माणसाला कोरा लॅपटॉप द्या आणि सांगा : फक्त रिपॉझिटरीतलं वाचून डेटा आण, मॉडेल ट्रेन कर, अंदाज काढ. कोणी मदत करायची नाही. तो जिथे अडेल तिथे बाकीच्यांनी फक्त लिहून घ्यायचं. आमच्याकडे पहिल्यांदा हे केलं तेव्हा एक मुलगी चाळीस मिनिटांत सात ठिकाणी अडली. पासवर्ड कोणाकडे आहे इथपासून ते कळमना-कळमेश्वरची यादी कुठे ठेवली आहे इथपर्यंत. ते सात मुद्दे जानेवारीची कामाची यादी झाले. फेब्रुवारीत मृगाचा माल येऊ लागला, तेव्हा त्या हंगामाचं पहिलं मॉडेल तिनेच एकटीने लावलं.